मतांगीकार तोंडपाठ आहे, पण देव जवळचा वाटत नाही

सलाम ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर संदर्भ लागेल. नगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती घर. वडील मास्तर आणि मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच. रोज दिवेलागणीला घरची उपासना, पाठांतर चुकलं की ओरडा. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात कबुली), तेविसावं स्तोत्र, सगळं आजही मुखोद्गत. आता पुण्यात नोकरी, रविवार सहसा चुकत नाही. दीड वर्षापूर्वी आई कॅन्सरने गेली. तिच्यासाठी अख्ख्या मंडळीने प्रार्थना केली होती. शेजारच्या बाई एका फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना मंडळीला, जातात आणि "आज प्रभू माझ्याशी बोलला" असं सहज सांगतात. तुम्हाला मात्र प्रार्थनेला बसलं की आपलं कुठे चुकतंय ते कुणीतरी वहीत टिपून घेतंय असं वाटतं, बाकी काही जाणवत नाही. तुम्ही विचारलंय: माझा विश्वास खोटा आहे का? आणि मंडळी बदलली तर देवाचा अनुभव येईल का?

मी निवृत्त पाळक. खेड्यातल्या काही मंडळ्या, मग शहरातली एक, आणि मधली बरीच वर्षं हॉस्पिटलात आजाऱ्यांजवळ बसण्याचं काम. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला नेहमीच भेटत आली, आणि ती बहुतेक चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणारी असायची. मागच्या बाकांवरच्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. ज्यांना छळला ते केव्हाच उठून गेलेले असतात.

तुम्ही लिहिता, काही जाणवत नाही. पण त्याच वाक्यात, कुणीतरी चुका टिपून घेतंय हे तुम्हाला जाणवतं. म्हणजे अनुभव येतोय, अगदी नेमाने येतोय. विश्वास खोटा असता तर ही भीतीही वाटली नसती. तुमचा विश्वास खरा आहे, पण तो एका कडक तपासनीसावर आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न हा की ओठांवर जो देव आहे आणि मनात जो आहे, त्यांची फारकत कुठे झाली.

मतांगीकाराच्या मूळ लॅटिन पाठात देवाचं पहिलं नाव "पिता" येतं आणि "सर्वसमर्थ" त्याच्या मागोमाग. पुष्कळ घरांत मुलांपर्यंत सर्वसमर्थ आधी पोचतो आणि पिता पोचतो तो घरातल्या वडिलांचा चेहरा घेऊन. मी तुमच्या वडिलांना दोष देत नाही. बोर्डिंगात आणि मिशनच्या शाळेत वाढलेल्या त्या पिढीने शिस्तीतूनच माया केली. त्यांना दुसरी रीत कुणी दाखवली नव्हती. पण मूल धर्मशास्त्र शिकतं ते वाक्यांतून कमी आणि वाक्य म्हणताना समोर कोण बसलंय यातून जास्त. "देव प्रीती आहे" हे वचन छडीच्या धाकाने पाठ केलं तर पोरगं दोन्ही गोष्टी शिकतं, आणि अडचणीच्या वेळी छडीच आधी आठवते.

देवाविषयीचं मत अनुभव कसा घडवतं, याचा सगळ्यात ठसठशीत दाखला म्हणजे मार्टिन ल्यूथर. १५०५ साली तो एरफुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणं, तास न् तास पापकबुली, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. आणि तरीही, मरणाच्या एक वर्ष आधी, १५४५ साली मागे वळून पाहताना त्याने लिहून ठेवलंय की, संन्यासी म्हणून मी निर्दोष जगत होतो, पण पाप्यांना शिक्षा करणाऱ्या त्या नीतिमान देवावर माझं प्रेम नव्हतं, मी त्याचा द्वेषच करत होतो. मग बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर डोकं आपटता आपटता त्याला उमगलं की तिथे सांगितलेलं देवाचं नीतिमत्त्व हे माणसाला मोजून नापास करणारं नाही. देव ते विश्वास ठेवणाऱ्याला फुकट देऊ करतो. त्यावर तो म्हणतो की स्वर्गाची दारं सताड उघडून आपण आत गेलो असं वाटलं. माणूस तोच होता आणि बायबलही तेच होतं. बदललं होतं देवाविषयीचं एक मत, आणि त्याबरोबर प्रार्थनेची सगळी चवच बदलली.

आता, हे वाचून कुणी असं समजेल की योग्य मत पत्करलं की लगेच अनुभव चालू होतो. तसं होत नाही, आणि त्यासाठी युरोपात जायची गरज नाही, आपल्या केडगावचंच उदाहरण पुरे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेजला झाला. बाई संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेल्या. त्यांनी वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवपणावरून पत्रांतून असा वाद घातलाय की आजच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तसा एखादाही विद्यार्थी निघायचा नाही. "चर्च सांगतं म्हणून" हे उत्तर त्यांनी कधीच घेतलं नाही. आणि पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्या सरळ सांगतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. तो सापडला असं त्यांना वाटलं १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. मधल्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिका फिरल्या, मुंबईत शारदासदन काढलं. त्या आठ वर्षांना कुणी खोटा विश्वास म्हणेल का? मी तरी म्हणणार नाही.

आणि अनुभव आला की कायमचा राहतो, असंही नाही. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली, २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत बसला होता. तिथे ल्यूथरचीच रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात होती, आणि ऐकता ऐकता त्याच्या हृदयात विलक्षण ऊब दाटून आली. ही तारीख मेथडिस्ट लोक आजही पाळतात. पण पुढच्याच जानेवारीत त्याने रोजनिशीत लिहिलंय की मी आज ख्रिस्ती नाही, माझ्यात ते प्रेम नाही. हे पान सहसा कुणी वाचून दाखवत नाही. मी मुद्दाम दाखवायचो, विशेषतः विश्वास पुन्हा चेतवायला भरवलेल्या संजीवन सभांच्या दुसऱ्या दिवशी.

कुणाला काय जाणवेल हे पुष्कळदा तो कुठल्या मंडळीत वाढला यावर ठरतं. प्रत्येक पंथाची, देव माणसाला नेमका कुठे भेटतो याविषयी एक शिकवण असते, आणि माणूस तिथेच वाट पाहत बसतो. वसईच्या कॅथलिक माणसाला शिकवलेलं असतं की मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. साहजिकच त्याचा अंगावर काटा येणारा क्षण कम्युनियनच्या वेळी, म्हणजे ती भाकर घेताना, किंवा रिकाम्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे, तिथे जपून ठेवलेल्या त्या भाकरीपुढे, गुडघे टेकल्यावर येतो. आपण नगरकडचे प्रॉटेस्टंट. आपल्याला देव वचनात भेटतो असं शिकवलं, म्हणून आपली माणसं सांगतात, "अमुक वचन वाचलं आणि ते माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं." पेंटेकोस्टल मंडळ्यांत पवित्र आत्मा आज, आत्ता, अंगात जाणवेल असा काम करतो हा विश्वास, तिथे रडणं, हात उंचावणं, अन्यभाषा (न शिकलेल्या भाषेत बोलणं) हे सारं अपेक्षितच असतं. १९०५ साली रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात जे संजीवन झालं त्यात मुली मोठ्याने रडत, एकाच वेळी प्रार्थना करत, पापं कबूल करत. काही मिशनऱ्यांना तो गोंधळ वाटला. पण अन्यभाषा आली तरच आत्मा आला, असा हट्ट तिथे धरला गेला नाही.

तुमच्या शेजारच्या बाईंचं आता बघा. समजा दोघींनाही सकाळी भांडी घासताना एकच विचार आला: धाकट्या भावाला फोन करायला हवा. तुम्ही म्हणाल, "मला सुचलं." त्या म्हणतील, "प्रभू बोलला." घडलेली गोष्ट एकच असू शकते. देव आजही मनात थेट बोलतो हे त्यांना शिकवलंय, म्हणून तो विचार त्यांच्याकडे देवाचा म्हणून नोंदला जातो. तुमच्याकडे ती नोंदच होत नाही. त्यांचं नाव देणं दर वेळी बरोबर असेल असं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात आत्मे पारखून घ्या असं बजावलंय ते काही उगाच नाही, आणि "प्रभूने सांगितलं" म्हणून घेतलेली कर्जं आणि जुळवलेली लग्नं मी पाहिली आहेत. पण तुमच्याकडे देव गप्प आणि त्यांच्याकडे बोलका, असा निष्कर्ष मात्र काढू नका.

स्वभावाचाही भाग आहेच. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कवीचा पिंड, तुकाराम-ज्ञानेश्वरांवर पोसलेलं मन. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, आणि आपल्या मंडळ्यांना पहिल्यांदा आपल्या बोलीतला देव मिळाला. लक्ष्मीबाईंचं अगदी निराळं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं. त्यांचं मन वळलं ते सोवळं-ओवळं, जातपात, कुणाच्या हातचं पाणी या रोजच्या गोष्टींचा स्वतःशी विचार करत, आणि बाप्तिस्मा झाला पुढे काही वर्षांनी. एका छताखाली राहून दोघं दोन वाटांनी गेली. लक्ष्मीबाईंना कुणी "तुम्हाला टिळकांसारखं का होत नाही?" असं विचारलं असतं, तर काय उत्तर मिळालं असतं याची मला चांगली कल्पना आहे.

हे झालं परिस्थितीचं. आता तुमच्या भीतीकडे येतो, कारण तिथे ख्रिस्ती शिकवणीतलं जे कामाचं आहे तेच आपण बहुतेक वेळा वापरत नाही.

पहिलं त्रैक्य. त्रैक्य म्हटलं की लोक गणित मांडतात, एकात तीन कसे. मी ते गणित कुणाला सोडवून दाखवलेलं नाही. मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढतो. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे कबूल करतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळतच नाही. पण आत्मा स्वतः आपल्या आत, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने विनंती करतो. आणि पुढे थोड्याच ओळींवर, ख्रिस्त पित्याच्या उजवीकडे आपल्यासाठी मध्यस्थी करतोय. म्हणजे या शिकवणीप्रमाणे तुम्ही तोंड उघडायच्या आधीपासून प्रार्थना चालूच आहे. सप्ताहात भजन रंगात आलेलं असतं, उशिरा आलेला माणूस मागे बसून हळूच टाळ उचलतो. त्याचा ताल चुकला म्हणून भजन थांबत नाही. तुम्ही मात्र प्रार्थनेला बसता ती जणू सगळं भजन एकटीने उभं करायचंय अशा तयारीने, आणि वर परीक्षकही बसलेले. मग दुसरं काय वाटणार? ज्यांना हे एकदा पटतं त्यांची प्रार्थना लांबत नाही, उलट आखूड होते. सुशोभित वाक्यं गळून पडतात.

श्रीरामपूरच्या बाजूला एका मंडळीत एक म्हातारी होत्या. अक्षरओळख नव्हती. प्रार्थनासभेत पंचमंडळी "हे अनंतकाळच्या सर्वज्ञ परमेश्वरा" पासून सुरुवात करायची आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत राहायचा. आजींची पाळी आली की पदर डोक्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "देवबापा, कांद्याला भाव नाही. पोराची फी राहिलीय. तू बघतोयस. आमेन." त्रैक्यावर त्यांना एक वाक्य सांगता आलं नसतं. पण बाप ऐकतो, हा मतांगीकाराचा पहिला शब्द त्यांच्याइतका पूर्ण मी फार थोड्यांनी मानलेला पाहिला.

इथे कुणी विचारेल, मग देवाचा धाक, न्याय, पवित्रपणा हे सगळं वजा करायचं का? मुळीच नाही. ज्यातून न्याय काढून टाकलाय तो देव लाडावलेल्या माणसांच्या सोयीचा असतो. आणि हाच न्याय कोण ऐकतंय त्यावर अनुभव उलटा होतो. आपल्या नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती घराणी गावकुसाबाहेरून आलेली आहेत. जुन्या माणसांशी बोलताना मला नेहमी जाणवलं की "देव सर्वांचा न्याय करील" हे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ऐकलं तेव्हा त्यांना भीती वाटली नाही, धीर आला. कारण आता गावच्या पाटलालाही कुणाला तरी जाब द्यावा लागणार होता. तीच शिकवण दोन पिढ्यांनंतर पक्क्या भिंतीच्या घरात, शिकल्यासवरल्या पोरांवर वापरली गेली तेव्हा तिचा पाठांतराचा धाक झाला. शिकवण चुकीची झाली नाही, ती ज्याच्याकडे रोखायची होती त्याच्याऐवजी भलतीकडे रोखली गेली.

आणि आईचं. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं गाठ तिथेच आहे. "अख्ख्या मंडळीने प्रार्थना केली होती" या वाक्याच्या मागे एक न लिहिलेलं वाक्य आहे: मग कुणाचा विश्वास कमी पडला? काही ठिकाणी हे उघड शिकवतात, की पुरेसा विश्वास असला तर आजार जातोच. त्या शिकवणीत माणूस मेला की कुणीतरी दोषी ठरतंच, मेलेला किंवा मागे राहिलेला. अंत्यविधीला येऊन असं बोलणारे लोक मला भेटलेत, आणि त्यांच्याशी मी कधी सौम्यपणे बोललो नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः प्रार्थना केली की हा प्याला माझ्यापासून टळून जावा. टळला नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं. गेला नाही. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची ज्याची तयारी असेल त्याने खुशाल तुमच्या घराकडे बोट दाखवावं.

हॉस्पिटलातली एक आठवण सांगतो. निवृत्त एसटी कंडक्टर, अर्धांगवायूचा झटका, उजवा हात चादरीवर ठेवला असेल तिथे पडलेला. मी जवळ बसलो की डाव्या हाताने माझी बाही धरायचे आणि एकच विचारायचे, "पाळकसाहेब, हे कोणत्या पापाचं?" तिकिटाच्या पैशातला कधी काळचा घोटाळा, भावाशी तोडलेलं नातं, बायकोला मारलेली एक थप्पड, सगळी यादी तयार होती. रोज एकेक पाप घेऊन माफी मागत होते आणि रोज हात तसाच. मी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचला. शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मग इतके दिवस मी कुणाची माफी मागत होतो?"

मी उत्तर दिलं नाही; द्यायची गरज नव्हती. भावाशी समेट आणि बायकोची माफी या गोष्टी उरल्याच होत्या, त्या त्यांनी पुढे केल्याही. पण त्या हाताच्या बदल्यात नाही. पुढच्या खेपेला गेलो तर प्रार्थनेत त्यांनी देवाकडे वॉर्डातल्या चहाची तक्रार केली. मला तो मोठा फरक वाटला. तपासनीसाकडे कुणी चहाची तक्रार करत नाही.

ख्रिस्ती शिकवणीतला देहधारणाचा भाग इथे कामाला येतो. देव माणूस झाला, भुकेला झाला, थकला, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडला, आणि वधस्तंभावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे स्तोत्र २२ मधलं वाक्य ओरडला. ज्या देवावर आपण विश्वास ठेवतो म्हणतो त्याने स्वतःच देवाचं मौन सोसलं आहे. त्यामुळे "मला काही जाणवत नाही" हे वाक्य ख्रिस्ती प्रार्थनेच्या बाहेरचं नाही, ते तिच्या मधोमध आहे. दीडशे स्तोत्रांतला निदान तिसरा हिस्सा विलापाचा आहे, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा जोडलेली नाही. आपण उपासनेत ते कधी वाचत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली तेव्हा लोक चकित झाले: कित्येक दशकं या बाईला प्रार्थनेत काहीही जाणवत नव्हतं. तरी रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत होत्या आणि मग रस्त्यावर मरणाऱ्यांना उचलायला जात होत्या.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो. कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता आहे की सगळीकडे? जेवणाची चव, गाणं, मुलांचं हसणं, मैत्रिणीचा फोन, यांतही काही वाटेनासं झालं असेल, झोप उडाली असेल, सकाळी उठणं नको होत असेल, तर हा आत्मिक प्रश्न म्हणून माझ्याकडे आणू नका. आधी चांगल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. आई जाऊन दीड वर्ष म्हणजे काही फार नाही, आणि डिप्रेशनला विश्वासाची कमतरता समजून उपास-प्रार्थना वाढवणारे लोक मी आणखी खोल जाताना पाहिलेत. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या मंडळीत तसं सांगतात तिथून तेवढ्यापुरते कान मिटून घ्या.

ते तसं नसेल तर काय करावं? मी लोकांना जे करायला सांगत आलो ते सांगतो. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही.

एखाद्या रात्री वहीत तुमच्या प्रार्थनेचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, मनात आलेलं, पाठ केलेलं नव्हे. मग स्वतःला विचारा, असं वाक्य मी कुणाशी बोलेन? साहेबाशी, परीक्षकाशी, की आपल्या माणसाशी? पुष्कळांना हे बघूनच धक्का बसतो. त्यानंतर मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा. सोळाच अध्याय आहेत, दीडेक तासात होतात. अर्थ लावत बसू नका, बोधवचनं अधोरेखित करू नका. एवढंच पाहत जा की चुकीच्या पद्धतीने आलेल्या माणसांशी येशू कसा वागतो. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत चोरून मागून वस्त्राला शिवते. तो तिला मुलगी म्हणतो. आजारी पोराचा बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एवढ्या अर्धवट विश्वासावर पोरगं बरं होतं. बार्तिमय रस्त्याच्या कडेला ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, येशू थांबतो. ख्रिस्ती विश्वासाचं म्हणणं असं की देव कसा आहे हे बघायचं तर इथे बघा. योहान १४ मध्ये फिलिप्पाला तेच सांगितलंय: ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. तुमच्या मनातला तपासनीस या सोळा अध्यायांत कुठे सापडतो का ते तुम्हीच शोधा. सापडतील ते परूशी, नियमांवर बोट ठेवणारे धर्मपुढारी, सापडतील.

पाठ केलेल्या प्रार्थना मात्र टाकू नका. आज त्या तुम्हाला कोरड्या वाटतात, पण ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी त्याच हाताशी असतात. आईच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही खाटेपाशी तेविसावं स्तोत्र म्हटलं असणार, असा माझा अंदाज आहे. ते पाठांतर वडिलांनीच दिलेलं.

आणि आईबद्दल देवाशी बोला, चांगलं-चुंगलं नव्हे, जे आहे ते. राग असेल तर राग. ईयोब देवाला खूप बोलला, आणि पुस्तकाच्या शेवटी देव म्हणतो की ईयोबाच्या मित्रांपेक्षा ईयोबच माझ्याविषयी बरोबर बोलला. ते मित्र सगळे शुद्ध सिद्धांत सांगत होते.

राहिला मंडळी बदलायचा प्रश्न. नुसत्या भावना येतात म्हणून बदलू नका. तिथे पहिले सहा महिने भावना येतीलच, संगीत चांगलं असतं, लोक नवीन असतात. पण तिथे जाऊन बसायला हरकत काहीच नाही. शेजारच्या बाईंबरोबर एखाद्या रविवारी जा, उघड्या मनाने जा, हात वर करावेसे वाटले तर करा. तिथल्या प्रवचनात दोन गोष्टी ऐका: आजारी आणि मेलेल्या माणसांबद्दल काय बोलतात, आणि पैशाबद्दल काय बोलतात. त्यांचा देव नेमका कसा आहे हे त्या दोन ठिकाणी कळतं. हीच परीक्षा तुमच्या सध्याच्या मंडळीलाही लावा. तुमच्या पाळकांना हा सगळा प्रश्न एकदा तोंडी सांगून बघा. ते उत्तर द्यायची घाई करतात की आधी आईबद्दल विचारतात, यावरून पुढे त्यांच्याशी किती बोलायचं ते तुम्हाला ठरवता येईल.